कंपनीचे दिवे आणि बाहेरचे दिवे

नवी गाडी बघायला गेले तेव्हा तिच्या पुढच्या बंपरमध्ये डावी-उजवीकडे दोन गोल खाचा दिसल्या. त्यांवर काळ्या प्लॅस्टिकची झाकणं होती. मी शोरूममधल्या सल्लागाराला विचारलं, "इथं काय असतं?"

त्यानं उत्तर माझ्या नवऱ्याला दिलं. "सर, तिथं फॉग लॅम्प येतात. पण ते टॉप मॉडेलला. मॅडमनी मधलं मॉडेल सिलेक्ट केलंय ना."

माझा नवरा जळगावच्या एका शाळेत गणित शिकवतो. त्याला गाडी चालवता येत नाही आणि शिकायचीही नाही. तो त्या वेळी शोरूममधल्या मत्स्यालयातले मासे मोजत होता. गाडी माझी, ती चालवणार मी, आणि गेला अर्धा तास सगळे प्रश्नही मीच विचारत होते. तरी तो टायवाला इसम एकेक उत्तर उचलून नवऱ्याच्या हातात ठेवत होता. माझा मान त्यानं एवढाच राखला, की रंग मला विचारला.

मी पशुवैद्य आहे. सरकारी दवाखाना अमळनेरच्या पुढे, नरडाण्याच्या वाटेवर. घर जळगावात. हिवाळ्यात पावणेसहाला निघावं लागतं. धरणगाव ओलांडेपर्यंत अंधार असतो, आणि पुढे भिजवलेल्या गव्हावर धुकं बसलेलं असतं. त्यात कापसाच्या ट्रॉल्या. रस्त्याच्या रुंदीएवढा कापूस भरायचा आणि मागे दिवा म्हणून काहीच लावायचं नाही, ही आमच्याकडची पद्धत आहे. म्हणून मला ते दिवे हवे होते.

"मग नंतर बसवून मिळतील का?"

"नाही सर, या मॉडेलला वायरिंगच येत नाही. सेफ्टीमध्ये कॉम्प्रोमाइज नको असेल तर टॉपच घ्या. सनरूफ पण मिळतं त्यात."

जळगावात सनरूफ. मे महिन्यात इथे बंद गाडीचं स्टिअरिंग फडक्यानं धरावं लागतं. त्या उन्हाला आत यायला छपरात खिडकी ठेवायची, आणि तिच्यासाठी जास्त पैशांचं मॉडेल घ्यायचं. मी मधलंच मॉडेल घेतलं आणि मनाशी ठरवलं, की या माणसाच्या दारात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही.

तिथेच चुकलं. राग आला असता तर चार दिवसांनी उतरला असता आणि मी दुसरीकडे चौकशी केली असती. मला त्या माणसाची किळस वाटली होती. त्यामुळे तो म्हणाला ते खरं की खोटं, हे तपासायचीही मला गरज वाटली नाही. वायरिंग नाही म्हणजे नाही. विषय संपला.

माझा मोठा भाऊ धुळ्याला असतो. त्याच्या तीन पिकअप गाड्या भाड्यानं चालतात, तेवढ्यावर तो स्वतःला इंजिनिअर समजतो. त्याच्या जीपच्या टपावर दिव्यांची लांब पट्टी आहे, बंपरवर चार गोळे आहेत आणि आरशांखाली आणखी दोन. लग्नाच्या मांडवात ती जीप चालू करून ठेवली तर मांडववाल्याला दिवे लावावे लागणार नाहीत. मी त्याला फोन केला तेव्हा तो हसला.

"कंपनीचे फॉगलाइट? ते देवघरात लाव. रस्त्यावर कामाचे नाहीत."

"भाऊ, मला फक्त धुक्यात डावीकडची कड दिसली पाहिजे."

"कड काय, पुढचं गाव दिसेल. रविवारी धुळ्याला ये."

नवरा तेवढ्यात पुढच्या खोलीतून म्हणाला, "पांढरा उजेड धुक्यावर आपटून उलटा डोळ्यांत येईल. फॉग लॅम्पचा उजेड वरून सपाट कापलेला असतो, तो जमिनीलगत राहतो. बाहेरच्यांचं तसं असेलच असं नाही." वर्गात सांगतात तसं त्यानं ते एकदाच सांगितलं आणि पुन्हा वह्या तपासायला घेतल्या. ज्याला क्लच कोणत्या पायानं दाबतात हे ठाऊक नाही, तो मला उजेड शिकवतोय, असं माझ्या मनात आलं.

रविवारी धुळ्याला गेले. दुकान ॲक्सेसरीजचं. बाहेर सीट कव्हरं टांगलेली, डॅशबोर्डवर ठेवायची, मान हलवणारी कुत्री मांडलेली, आत मागे एक अंधारी खोली. त्या खोलीत भिंतीपासून तीन हातांवर दिवे लावून दाखवतात. तीन हातांवरच्या भिंतीवर काडेपेटीतली काडीसुद्धा झगझगीत दिसते, पण गिऱ्हाइकं आ वासून बघत असतात. मीही बघितलं.

"ताई, डोळे मिटा," दुकानदार म्हणाला. माझ्या काळजीनं नव्हे, बढाई म्हणून. मिटल्या पापण्यांतूनही लाल दिसलं.

"याचा वरचा उजेड कापलेला आहे का?" मी विचारलं. म्हणजे नवऱ्याचं बोलणं माझ्या कानात गेलं होतं, हे मला कबूल केलं पाहिजे.

"कापायचा कशाला ताई? पैसे पूर्ण उजेडाचे देताय ना तुम्ही?"

"समोरच्याच्या डोळ्यांवर येईल."

"येऊ द्या ना. तो आपोआप डिप्पर मारेल. बाजूलाही होईल."

भाऊ मोठ्यानं हसला. आणि मीही हसले. मला ते हसू आजही आठवतं. दिवसभर गुरांचे मालक मला "साहेब नाहीत का?" असं विचारत असतात; शोरूममध्ये नवऱ्याच्या आडून बोलतात; मागून येणारा ट्रकवाला गाडीत बाई दिसली की हॉर्नवरचा हात काढत नाही. समोरचा आपोआप बाजूला होईल, हे ऐकून मला बरं वाटलं.

खाचांमध्ये ते दिवे मावले नाहीत. दुकानदारानं बंपरला वरच्या बाजूला भोकं पाडली, पट्ट्या ठोकल्या आणि दिवे जरा वर तोंड करून बसवले, लांबपर्यंत फेक मिळावी म्हणून. नव्याकोऱ्या गाडीला ड्रिल लागताना मी बघत उभी होते. भाऊ चहा पीत होता.

पुढचे तीन-चार आठवडे मजेत गेले. धरणगाव सोडलं की बटण दाबायचं, आणि रस्ता दुपारसारखा उघडायचा. समोरून येणारे मोटरसायकलवाले डोळ्यांवर आडवा हात धरायचे. एसटीचा ड्रायव्हर अप्पर-डिप्पर करून शिव्या द्यायचा, त्या मला ऐकू यायच्या नाहीत. गाड्या खरंच कडेला सरकायच्या. मला ते आवडत होतं. पूर्वी रस्त्यात असे दिवे आले की त्या माणसाची अक्कल काढायची माझी सवय होती. आता ती सवय अगदी गपचूप सुटली होती.

मग डिसेंबरातली ती सकाळ आली. अमळनेर मागे टाकून बेटावदच्या बाजूला निघाले आणि धुकं एकदम दाटलं. आदल्या दिवशी सगळीकडे गव्हाला पाणी भरलेलं होतं, त्यामुळे शेतांतून कापूस पिंजल्यासारखं वर येत होतं. मी बटण दाबलं. समोर चुना फासलेली भिंत उभी राहिली. रस्ता नाही, कड नाही, बोनेटचं टोकसुद्धा नाही. त्या वेळी मी दिवे बंद करायला हवे होते. मी उलट अप्परही लावला. दिसत नाही म्हणून आणखी उजेड. शिकलेली बाई, वीस वर्षं सरकारी डॉक्टर, आणि अक्कल एवढी.

भिंतीत एक पिवळा ठिपका दिसला. तो डगमगला, डावीकडे गेला, उजवीकडे आला आणि नाहीसा झाला. मग पत्रा आपटल्याचे दोन आवाज आले. फार मोठे नव्हते.

मी थांबले. उतरून बघते तो चारीत मोटरसायकल आडवी, तिच्या दोन्ही बाजूंचे दुधाचे कॅन उघडे पडलेले आणि दूध कापसाच्या पऱ्हाट्यांमध्ये चाललेलं. पन्नाशीचा एक माणूस चारीच्या काठावर बसला होता. त्याचा उजवा हात मनगटाच्या वर वाकडा दिसत होता. पण त्यानं तो हात धरलेला नव्हता. डावा तळवा डोळ्यांवर दाबून धरला होता.

"कोन शे?" त्यानं विचारलं.

"मी. दवाखान्यातली डॉक्टर."

त्यानं तळवा काढून माझ्याकडे बघितलं. "डाक्टरबाई, तुम्ही शेतस का? माले वाटनं टरक उना."

मग मी त्याला ओळखलं. जवळच्याच गावातला दूधवाला. त्याच्या म्हशीचं अडलेलं रेडकू मी मागच्या वर्षी सोडवलं होतं. मी त्याला नाना म्हणायचे.

"नाना, हात हलवू नका. काय झालं?"

"काय व्हनार? डोयासमोर बठ्ठं पांढरं व्हई गये. रस्ताच दिसना नही." तो हे तक्रार म्हणून सांगत नव्हता. पाऊस आला किंवा वीज गेली, हे सांगतात तसं सांगत होता. मग त्याच्या लक्षात आलं, की दिवे माझ्या गाडीचे आहेत. ते अजून पेटलेले होते. त्यानं एकदा तिकडे बघितलं आणि मान वळवली. "धुकं भलतं शे आज," तो म्हणाला.

मी वासरांसाठी ठेवलेल्या फळ्या आणि पट्टी काढली आणि त्याचा हात बांधला. त्याला गाडीत बसवलं, गाडी वळवली आणि अमळनेरकडे निघाले. भावानं बसवलेले दिवे आता बंद होते. गाडीचा नेहमीचा डिप्पर तेवढा चालू ठेवला. आणि मला कड दिसत होती. डावीकडची पांढरी रेघ, मैलाचा दगड, बाभळीचं खोड. जास्त नाही, पण जेवढं लागतं तेवढं. तो शेजारी हात मांडीवर धरून बसला होता आणि मला त्या रेघेकडे बघवत नव्हतं.

हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. प्लास्टर घातलं. डॉक्टरनं कसं पडलात विचारलं तेव्हा नाना म्हणाला, गाडी घसरली. मी म्हणाले, "घसरली नाही. माझ्या गाडीच्या दिव्यांनी ते आंधळे झाले." डॉक्टरनं वर बघितलं, मान हलवली आणि लिहिलं काहीच नाही.

तासाभरानं त्याची बायको आली. शेतातूनच आली असावी, पायांना चिखल होता. नवऱ्यानं तिला तीच घसरल्याची गोष्ट सांगितली. मी पुन्हा खरं सांगितलं. तिनं मला पायांपासून डोक्यापर्यंत बघून घेतलं.

"इतला उजेड कसाले लागस तुमले?" ती म्हणाली. "रस्तावर सुई दवडनी का?"

"अक्का, चुकलं माझं."

"ते दिसी ऱ्हायनं," ती म्हणाली आणि माझ्याकडे पाठ करून नवऱ्याच्या डोक्यातला कचरा काढायला लागली. मी लोकांकडे आजवर बरंच तुच्छतेनं बघितलं आहे. ते आपल्या वाट्याला आल्यावर कसं लागतं, हे मला त्या बाकावर पहिल्यांदा कळलं.

त्याच रविवारी मी धुळ्याला जाऊन दिवे उतरवायला सांगितले. भावालाही तिथेच बोलावलं होतं.

"त्याच्या मोटरसायकलचा लाइट तरी धड होता का? विचारलंस?" भाऊ म्हणाला.

"धड होता. मला तो दिसला होता."

"मग त्यानं थांबायचं ना."

"भाऊ, त्याला थांबायला रस्ता दिसायला पाहिजे होता."

"एक माणूस पडला म्हणून काय सगळ्यांनी अंधारात जायचं?"

धाकटी बहीण म्हणून जे बोलता येतं ते संपलं होतं, आणि उरलेलं त्या दुकानात बोलण्यासारखं नव्हतं. दुकानदारानं निवांतपणे स्क्रू काढले. बंपरला दोन भोकं राहिली. "ताई, इथं दोन स्टिकर लावू का? वाघाचे आहेत." मी नको म्हणाले. उतरवलेले दिवे भावानं पिकअपसाठी मागून घेतले. मी ते तिथेच फोडायला हवे होते. दिले.

त्यानंतर नवऱ्यानं मला जळगावातच एका सुट्या भागांच्या काउंटरवर नेलं. त्यानं आधी जाऊन विचारून ठेवलं होतं. मला सांगितलं नव्हतं, कारण मी ऐकलं नसतं. काउंटरवर एक म्हातारे गृहस्थ होते, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. ते बाहेर आले, गाडीपाशी गुडघ्यांवर बसले, स्क्रूड्रायव्हरनं ते काळं झाकण टचकन काढलं आणि आत हात घातला. टेपनं बांधून ठेवलेली एक वायर त्यांनी बाहेर ओढली. तिला टोकाला प्लग होता.

"ही काय वायरिंग. पहिल्यापासून आहे," ते म्हणाले. "नाही म्हणून कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी झाकणाकडे बघत राहिले. घेतल्या दिवसापासून सगळं आत तयार होतं. मी बंपरला भोकं पाडून घेतली, एका माणसाचा हात मोडला, आणि वायर चार बोटं आत टेप गुंडाळून पडली होती.

"दिव्यांचा जोड आणि स्विचची दांडी बदलायची, बस," ते गृहस्थ म्हणाले. "उजेड मात्र फार नसतो हो बाई. आधीच सांगतो. लोक नंतर भांडायला येतात."

एवढ्या सगळ्या प्रकरणात विकणाऱ्या माणसानं आपल्या मालाबद्दल काढलेलं हे एकच खरं वाक्य होतं.

मी पाऊल न ठेवण्याचं ठरवलं होतं, तरी शोरूममध्ये गेले. तो टायवाला तिथेच होता. मी म्हणाले, "वायरिंग नाही म्हणाला होतात. आहे." त्यानं माझ्या मागे बघितलं, कोणी सर आलेत का म्हणून. कोणी नव्हतं. मग नाइलाजानं माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, ऑफिशियली नसते." मी त्याच्यापुढे नानाच्या हाताची गोष्ट काढणार होते. काढली नाही. ती त्याला ऐकवणं हा नानाचा अपमान झाला असता.

नानाकडे निराळीच अडचण उभी राहिली होती. त्याची मोठी म्हैस त्याच्याशिवाय कोणाच्या हाताला पान्हा सोडत नव्हती. बायको बसली की ती शेपटीचा फटका द्यायची आणि दूध वर चढवायची. शेजारचा एक जण म्हणाला, "डॉक्टर आहेतच ना, इंजेक्शन ठोका." ते इंजेक्शन कसलं असतं आणि त्यानं जनावराचं काय होतं हे मला माहीत आहे. मी त्याला तिथून जायला सांगितलं. आणि शहाणपणानं स्वतः बसले. वीस वर्षांचा अनुभव, कोमट पाणी, हाताला तेल, सगळं केलं. म्हशीनं मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि बादलीत पाय घातला.

अक्का पहिल्यांदा हसली. "तिले भी समजस," ती म्हणाली.

आठवडाभर मी रोज सकाळी दवाखान्याआधी तिथे जात राहिले. शेवटी जमलं ते माझ्यामुळे नाही. नाना प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून म्हशीच्या तोंडाशी उभा राहायचा, डाव्या हातानं तिच्या गळ्याखालची पोळी खाजवायचा आणि तिच्याशी काहीबाही बोलत राहायचा: काल कोण आलं, पेंड कशी मिळाली, पोरीच्या सासरहून काय निरोप आला. मागे अक्का श्वास रोखून बसायची. चौथ्या-पाचव्या दिवशी धार लागली. मी कुंपणाशी उभी राहून बघत होते. माझं तिथे काही काम नव्हतं, पण निघवत नव्हतं.

कंपनीचे दिवे बसवून आता वर्ष होत आलं. उजेड पिवळट आहे, बेताचा आहे, धुक्यात खाली पसरतो आणि डावीकडची कड दाखवतो. भाऊ त्यांना अजून पणत्या म्हणतो. नवरा काहीच म्हणत नाही, आणि ते त्याचं न म्हणणं मी मुकाट्यानं सहन करते.

नानाचा हात चांगला जुळला. प्लास्टर निघाल्यावर महिन्याभरानं तो मला बेटावदच्या अलीकडे समोरून भेटला. आधी तो आहे हे कळलंच नाही, कारण समोरून फक्त एक पांढरा गोळा येत होता, इतका जहाल की मला गाडी थांबवावी लागली. मोटरसायकल शेजारी आली तेव्हा चेहरा दिसला. हँडलवर नवा दिवा बसवलेला होता.

"नाना, हे काय?"

"धुयानं दुकान शे ना, तठेन आना," तो आनंदानं म्हणाला. म्हणजे तेच धुळ्याचं दुकान. "आते माले बठ्ठं दिसस, डाक्टरबाई. समोरना आपोआप बाजूले व्हस."

तो दिवा खाली वाकवून देते म्हणाले, तर तो म्हणाला, राहू द्या, उशीर होतो. आणि कॅन वाजवत निघून गेला.

आता आठवड्यातून दोन-तीनदा तो मला समोरून भेटतो. तो पांढरा गोळा दिसला, की मी गाडी डावीकडे घेऊन थांबते आणि डोळ्यांवर हात धरते. तो जाताना जुळलेला हात उंच करून हाक मारतो. गावात त्यानं सांगून ठेवलंय म्हणे, डाक्टरबाई एवढी मोठी, पण मला बघून गाडी थांबवते.